मापाखालचा दिवा



नाताळ जवळ आला की आपणांपैकी बहुतेकांच्या घरी माळ्यावरून एक खोके खाली उतरते. त्यात कागदाचा तारा असतो, गव्हाणीतील मातीच्या मूर्ती असतात आणि विजेच्या माळांचा एक गुंता असतो. मागच्या वर्षी तो कोणी नीट गुंडाळून ठेवला नाही, यावरून घरात थोडी बोलाचाली होते. मग तारा खिडकीत लागतो आणि बोलाचाली विसरली जाते. नागपूर असो, इंदूर असो, हैदराबाद असो की वसई, आपण जेथे जेथे पांगलो आहोत तेथे तेथे हे घडते. ज्या आळीत ख्रिस्ती घर एकच आहे, तेथे तो तारा शेजाऱ्यांस सांगतो की या घरी सण आहे. या ताऱ्याविषयी मला आज आपणांशी बोलावयाचे आहे. तो लावावा की नाही, याविषयी माझ्या मनात शंका नाही. तो अवश्य लावावा. त्याचे तोंड कोणत्या दिशेला असावे, एवढाच माझा प्रश्न आहे. प्रश्न क्षुल्लक वाटला तर थोडा धीर धरावा, अशी विनंती आहे.

ताऱ्याची ही चाल फार जुनी नाही. जर्मनीतील निस्की गावच्या मोरेव्हियन शाळेत १८३० च्या दशकात मुलांना भूमिती शिकविताना कागदाचे टोकदार तारे करून घेत. त्यातून तो आगमनकाळाचा तारा झाला. विजेच्या माळा त्याहून धाकट्या. एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी २२ डिसेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कमधील आपल्या घरी नाताळच्या झाडावर तांबडे, पांढरे व निळे असे ८० दिवे लावले आणि ते झाड फिरते ठेवले. दोन्ही रीती थंड देशांतल्या, जेथे डिसेंबरात दुपार कलते न कलते तोच दिवेलागण होते आणि माणसे दार लावून आत बसतात. आपल्या समुद्रकाठी त्या दिवसांत आंब्याला मोहोर येत असतो, दुपारी अंगाला घाम येतो आणि रात्री अंगणात बसता येते. म्हणून आपले दिवे घरात राहत नाहीत. ते माडाला गुंडाळले जातात, सुरूच्या फांद्यांवर चढतात, वाळूपर्यंत पोहोचतात. गोव्यात व कोकणात हे दृश्य आता नेहमीचे झाले आहे. मला ते आवडते, हे आधीच सांगून ठेवतो. पुढील मजकूर दिव्यांचा कंटाळा असलेल्या माणसाचा नव्हे.

काही वर्षांपूर्वी आमच्या भाषांतराचे काम लांबले आणि डिसेंबरच्या अखेरीस एकत्र बसण्यावाचून गत्यंतर उरले नाही. रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर किनाऱ्यावर मंडळीतील एका कुटुंबाचे घर आहे. ते त्यांनी आम्हांस दोन आठवड्यांसाठी दिले. घरापुढे पडवी, पडवीपुढे अंगण, त्यापुढे सुरूचे बन आणि बनापलीकडे वाळू. आम्ही सातजण होतो आणि सण जवळ आल्याने मुलाबाळांसह होतो. दिवसभर मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायावर वाद चाले. संध्याकाळी मुले आम्हांस बाहेर ओढीत. २२ तारखेस आम्ही बाजारातून माळा आणल्या, सुरूच्या पाच झाडांवर त्या चढविल्या आणि उंच बांबूला एक मोठा पांढरा तारा बांधला. त्याचे तोंड समुद्राकडे केले. मच्छीमारांस तो दुरून दिसावा, अशी त्यात थोडी काव्यमय कल्पना होती व ती माझीच होती.

रात्री नऊच्या सुमारास शेजारच्या वाडीतील एक वयस्कर गृहस्थ आले. अंगणाबाहेर चपला काढून उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, समुद्राकडचे दिवे तेवढे मालवाल काय?"

का, म्हणून मी विचारले नाही. माझ्या मनाने उत्तर आधीच ठरविले होते. वाचकहो, आपण संख्येने थोडे आहोत आणि थोड्यांच्या मनाची एक सवय असते. आपल्या सणावर कोणी बोट ठेवले की आपणांस जुन्या गोष्टी आठवतात, आपल्या घरच्या आणि ऐकीव. मी म्हणालो, "काका, दिवाळीत तुम्ही आकाशकंदील लावता, गणपतीत रोषणाई करता, तेव्हा आम्ही कधी काही म्हणतो काय?" ते थोडा वेळ गप्प राहिले. मग "बरं, साहेब" एवढेच म्हणून निघून गेले. समितीतील एका ज्येष्ठ बंधूंनी माझी पाठ थोपटली. ती थाप मला त्या वेळी गोड लागली, हेही लिहिले पाहिजे.

पहाटे साडेपाचला ते पुन्हा आले. या खेपेस त्यांनी काही मागितले नाही. "जरा या" म्हणाले. बनातून आम्ही वाळूवर उतरलो. ओहोटी होती. भरतीच्या खुणेपासून वर ट्रॅक्टरच्या चाकासारखी एक वाट वाळूत उमटली होती. ती सरळ आमच्या सुरूच्या झाडांच्या रोखाने पंचवीस-तीस पावले आली होती, तेथे कोयतीसारखी वळली होती आणि पुन्हा पाण्यात गेली होती. कोठे खड्डा नव्हता, उकरल्याची खूण नव्हती.

"कासवीण," ते म्हणाले. "अंडी घालायला वर आली होती. तशीच परत गेली."

"दिव्यांमुळे?"

"कशामुळे गेली ते तिलाच ठाऊक. माणूस दिसला, कुत्रा भुंकला, तरी जाते. पण अंधार असता तर तुम्ही मला विचारलं नसतं, आणि मी तुम्हांला." मग थोडे थांबून, जणू एखादी राहून गेलेली गोष्ट आठवावी तसे म्हणाले, "दिवाळीला कंदील आम्ही रस्त्याच्या बाजूला लावतो, साहेब. समुद्राकडे नाही लावत. तेव्हापासूनच ती यायला लागतात."

ते त्या गावचे कासवमित्र होते. हा शब्द कोकण किनाऱ्यावर आता रूढ झाला आहे. मंडणगड तालुक्यातील वेळास येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून कासवांच्या घरट्यांचे रक्षण सुरू केले आणि पुढे तो पायंडा इतर गावांत पोहोचला. गोव्यात मोरजी, आगोंद, गालजीबाग येथेही असे काम चालते. ही कासवे ऑलिव्ह रिडले जातीची. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ याच्या पहिल्या अनुसूचीत त्यांचे नाव आहे. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ती साधारणतः नोव्हेंबर ते मार्च या काळात येतात. मादी रात्री वर येते, मागच्या वल्ह्यासारख्या पायांनी खड्डा उकरते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते आणि निघून जाते. पिलांचे तोंड ती कधी पाहत नाही. पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिले निघतात, तीही बहुधा रात्री, आणि जिकडचे क्षितिज खाली व उजळ दिसेल तिकडे धावतात. अनादिकालापासून रात्रीच्या वेळी किनाऱ्यावर उजळ दिशा एकच होती, ती समुद्राची. मागे झाडांची व टेकडीची काळी कड असे. ज्या किनाऱ्यावर माणसाचे दिवे अधिक उजळ झाले, तेथे पिले दिव्यांकडे जातात. मग कुत्रे, कावळे, खेकडे असतात आणि त्यांतून जी वाचतात त्यांस सकाळचे ऊन असते.

पुष्कळ गावांत अंडी कुंपणाच्या जागेत हलवून, पिले निघाल्यावर ती माणसांच्या देखरेखीखाली सोडतात, त्यामुळे पिलांची वाट चुकण्याचे भय तेथे कमी झाले आहे. परंतु आईला कोणी हलवू शकत नाही. जागा तिची तिनेच निवडावयाची असते. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात किनाऱ्यावरच्या दिव्यांस कासवांसाठी निर्बंध आहेत. पण तेथील हंगाम ऑक्टोबर अखेर संपतो, म्हणून तेथला ख्रिस्ती मनुष्य वाळूवरच्या झाडाला नाताळचे दिवे लावतो तेव्हा हा पेच त्याच्या वाट्यास येत नाही. आपल्या वाट्यास तो आला आहे. आपला सण आणि तिची प्रसूती एकाच महिन्यात येतात. एक माता रात्रीच्या वेळी जागा शोधीत येते आणि तिला जागा मिळत नाही, हा प्रसंग आपण ज्या सणात दरवर्षी मंचावर उभा करतो त्याच सणाच्या दिव्यांनी ती मागे फिरावी, याची मला त्या पहाटे लाज वाटली. उतारशाळेच्या धन्याचे काम लहानपणी मी दोनदा केले आहे. त्या नाटकातील ते सर्वांत सोपे काम. एकच वाक्य असते.

आता विचाराकडे येऊ. अंधाराविषयी आपली भाषा फार कठोर आहे. उपदेशांत, गीतांत, प्रार्थनांत अंधार म्हणजे पाप, अज्ञान, मृत्यू. या भाषेला शास्त्राधार आहे आणि योहानाने तो सर्वांहून ठळक दिला आहे. त्याच्या शुभवर्तमानाच्या आरंभी प्रकाश व अंधार यांच्याविषयी जे विधान आहे, त्यातील 'कातेलाबेन' या ग्रीक क्रियापदाने भाषांतरकारांस पिढ्यान्‌पिढ्या जागविले आहे. त्याचा अर्थ 'समजून घेतले' असा होतो आणि 'पकडून नमविले' असाही होतो. इंग्रजांस दोहोंतून एक निवडावा लागतो. मराठीचे भाग्य असे की आपणांजवळ 'ग्रहण' हा शब्द आहे: विद्यार्थी ज्ञान ग्रहण करतो आणि सूर्याला ग्रहण लागते. अंधाराने प्रकाशाला ना समजून घेतले, ना ग्रासले. हा शब्द हाताशी आला त्या दिवशी मला किती आनंद झाला होता, ते भाषांतराचे काम केलेल्यांस सांगावे लागणार नाही.

परंतु योहानाचा अंधार आणि सूर्यास्तानंतरचा अंधार हे एक नव्हेत. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देव प्रकाशाला चांगला म्हणतो. अंधाराविषयी तो शब्द तेथे नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पण देव अंधाराला नाव देतो. आपण ज्याला नाव देतो त्याला घरात जागा देतो. रात्र हे त्याचे नाव. सूर्य-चंद्र निर्माण होण्याआधीच ते ठेवले गेले. आणि स्तोत्र १०४ चा कर्ता तर दिवसाचे दोन पाळ्यांत वाटप करून टाकतो: रात्र वनचरांची, त्या वेळी ते आपले अन्न देवाजवळ मागतात, दिवस माणसाचा, सूर्य उगवल्यावर तो कामास निघतो. वनचरांस तेथे चोर म्हटलेले नाही, रात्रीला शत्रू म्हटलेले नाही. ती त्यांची वेळ आहे. आपण विजेच्या जोरावर त्यांच्या पाळीत शिरलो आणि त्याला उत्सव म्हटले.

शिवाय तारा दिसावयास अंधार लागतो. मागी लोक ज्या आकाशाखाली चालले, तसे आकाश आज मुंबईच्या किनाऱ्यावरून त्यांस दिसते ना.

आमच्या ज्येष्ठ बंधूंचे म्हणणे मात्र मला टाळता येत नाही. त्या दिवशी न्याहारीच्या वेळी ते म्हणाले, "धक्क्यावरचे दिवे बारा महिने रात्रभर जळतात. हॉटेलवाल्यांचे झोत वाळूवर पडतात. त्यांस कोण सांगतो? आपण मात्र आठ दिवस पाच झाडांवर माळा लावल्या की आपला विवेक जागा व्हायचा!" यात तथ्य आहे. ज्याच्यापाशी थोडे आहे त्याच्याकडूनच त्याग मागावा, ही जगाची जुनी रीत. त्यांचा दुसरा मुद्दा याहून जड होता. प्रभूने दिवा मापाखाली ठेवू नये असे सांगितले; आपण साक्षीसाठी बोलाविलेले लोक; आणि तारा ही आपली साक्ष आहे. ज्या गावात दहा घरे ख्रिस्ती नाहीत, तेथे तारा मालविणे म्हणजे काय?

पहिल्या मुद्द्याला माझ्यापाशी एवढेच उत्तर आहे की धक्क्यावरचा दिवा मी लावलेला नाही. त्याविषयी अर्ज करता येईल, करावाही. आम्ही पुढे ग्रामपंचायतीत तसा अर्ज दिलाही. पण दुसऱ्याचा मोठा दिवा माझ्या लहान दिव्याचा हिशेब चुकता करीत नाही. पौलाने करिंथ येथील मंडळीस मूर्तींस वाहिलेल्या मांसाविषयी लिहिले, तेव्हा मांस वाईट आहे असे तो म्हणाला नाही. खाण्याची मोकळीक त्याने मान्य केली आणि मग विचारले की तुझ्या मोकळीकीने कोण ठेचाळतो? यावर कोणी म्हणेल की पौलाच्या मनात दुर्बळ बंधू होता, कासव नव्हते. खरे आहे. ख्रिस्त कासवांसाठी मरण पावला असे मी कोठे शिकलो नाही व शिकविणारही नाही. पण त्याच पौलाने रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात सृष्टीच्या वाट पाहण्यासाठी जो ग्रीक शब्द घातला आहे, 'अपोकारादोकिया', त्याच्या पोटात 'डोके' आहे: मान पुढे काढून, डोके उंचावून, दूरवर नजर लावून वाट पाहणे. आम्ही त्याला 'आतुरता' हा गुळगुळीत शब्द दिला होता. कासवीण पाण्याच्या काठाशी येते तेव्हा प्रथम डोके वर काढून किनारा न्याहाळते, असे काकांनी मला सांगितले, त्या दिवसापासून तो शब्द मला पुरेसा वाटेनासा झाला. त्याजागी काय घालावे याचा निर्णय अजून झालेला नाही.

दुसऱ्या मुद्द्याविषयी मी अधिक विचार केला, कारण ते वचन त्याच आठवड्यात आमच्या टेबलावर होते. 'माप' म्हणजे ग्रीकातील 'मोदिओस', रोमी लोकांचे धान्याचे मापटे, कोकणात पायली म्हणावी तसे. दिवा म्हणजे मातीची तेलाची पणती. घर म्हणजे बहुधा एकच खोली. प्रभू म्हणतो की दिवा दिवठणीवर ठेवला म्हणजे तो घरातल्या सर्वांस प्रकाश देतो. 'घरातल्या' हा शब्द मी कितीतरी वेळा लिहून पुढे गेलो होतो. त्या दिव्याला घर आहे. त्याचा प्रकाश कोणाच्या कामी यावा हे ठरलेले आहे: जो आत शिवतो आहे, दळतो आहे, हरवलेले नाणे शोधतो आहे, त्याच्या. पुढल्याच वचनात लोकांनी आपली सत्कर्मे पाहावीत असे आहे आणि सहाव्या अध्यायाच्या आरंभी माणसांनी पाहावे म्हणून धर्माचरण करू नये असेही आहे. या दोहोंचा मेळ घालताना टीकाकार दमतात. मला एवढे मात्र कळले की आमचा तारा घरातल्या कोणासाठी नव्हता. मुले अंगणात खेळत होती, त्यांस पडवीतला दिवा पुरत होता. मच्छीमारांच्या होड्यांस आपल्या खुणा ठाऊक होत्या. तारा दिसावा म्हणून लावला होता, आणि कोणाला दिसावा हे आम्ही ठरविलेच नव्हते.

माझ्या साक्षीचे काय झाले, तेही त्या रात्री ठरून गेले होते. एक शेजारी अंगणाबाहेर चपला काढून उभा राहिला आणि मी त्याला विचारले नाही की काय झाले. बांबूवरचा तारा त्या वेळी चांगला लखलखत होता.

२३ तारखेस दुपारी मी त्यांच्या घरी गेलो व चुकलो असे म्हणालो. त्यांनी ते ऐकून न ऐकल्यासारखे केले आणि बायकोला चहा ठेवायला सांगितले. मग ते आमच्याबरोबर आले. माळा आम्ही सुरूवरून काढून रस्त्याकडच्या फणसावर चढविल्या; तारा फाटकावर लावला, तेथे तो येणाऱ्याजाणाऱ्यांस दिसू लागला, आणि संध्याकाळी वाडीतील मुले तो पाहावयास आली. राहिला पडवीतला दिवा. तो मालविला तर आम्हांस रात्री काम करता येईना; ठेवला तर तो बनातून वाळूवर दिसे. काकांनी पाहणी केली, घरी जाऊन तेलाचा एक जुना पत्र्याचा डबा आणला, तो उभा कापला आणि समुद्राच्या बाजूने दिव्यावर तारेने बांधून टाकला. उजेड आमच्या टेबलावर पडला, बन काळे झाले. आमच्यातील सर्वांत तरुण भाषांतरकार, इंदूरची एक भगिनी, त्या डब्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "बाबा, हे माप तर नव्हे?" सर्वजण हसले. मीही हसलो, पण त्या वचनाच्या कच्च्या प्रतीवर त्या रात्री मी पेन्सिलीने एक खूण केली ती अजून आहे.

त्या डब्याखाली आम्ही मत्तयाचा पाचवा अध्याय पुरा केला. २४ तारखेच्या रात्री उपासना अंगणात न करता मागील दारी, मेणबत्त्यांवर केली. काका आले होते, त्यांची नातवंडेही आली होती. करंज्या त्यांनी खिशात घातल्या. उपासना संपल्यावर मोठी माणसे वाळूच्या कडेला जाऊन बसली. चंद्र नव्हता. लाटांच्या पांढऱ्या रेषेखेरीज काही दिसत नव्हते आणि कोणी बोलत नव्हते. बाराच्या सुमारास दव पडू लागले, तेव्हा आम्ही उठलो.

सकाळी मी एकटाच खाली गेलो. पहाटेची भरती मोठी होती. ती सुरूच्या मुळांपर्यंत येऊन गेली होती, आणि वाळूवर काही उमटले असेलच तर ते पुसून गेले होते.